पिवळा पळस, पांढरा पळस: झाड एकच, मग नाव काय लावायचं?

शिमगा जवळ आला की दरवर्षी एक बातमी हमखास येते. कुठल्यातरी तालुक्यात 'दुर्मिळ' पिवळा पळस फुललेला असतो, नाहीतर कुणाला 'पांढरा पळस' सापडलेला असतो. फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागतो आणि त्याखाली वाद रंगतो. एक जण सांगतो, ही पळसाची वेगळीच जात आहे. दुसरा म्हणतो, हा पळस नाहीच, पांगारा आहे. तिसरा छातीठोकपणे लिहितो की पांढऱ्या पळसाची मुळी घरात ठेवली की धन येतं. या तिसऱ्या वाक्यामुळे झाडांची खोडं सोलली जातात, मुळ्या खणल्या जातात. त्यामुळे हा वाद नुसता नावाचा राहत नाही. झाड ओळखायचं कसं, त्याचं नाव कोण ठरवतं आणि रंग बदलला की जात बदलते का, हे नीट कळलं तर अशी काही झाडं तरी वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

आधी पळस ओळखू या, तोही फुलं नसताना

फुललेला पळस ओळखायला कुणाची मदत लागत नाही. अवघड असतं ते श्रावणात रानात शिरल्यावर, सगळी झाडं हिरवीगार दिसत असताना त्यातला पळस काढून दाखवणं. झाड ओळखायला शिकायचं असेल तर सुरुवात अशा वेळी करावी. फुलं वर्षातून जेमतेम महिना-दीड महिना असतात. पान, साल, शेंग आणि झाडाची ठेवण उरलेल्या दिवसांत कामाला येतात.

पानापासून सुरुवात करू. 'कुठेही जा, पळसाला पानं तीनच' हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. वनस्पतिशास्त्र मात्र या तिघांना मिळून एक पान मानतं आणि त्यातल्या प्रत्येकाला पर्णिका म्हणतं. हा फरक झाडावरच पडताळून पाहता येतो. पान जिथे फांदीला जोडलेलं असतं, तिथे देठाच्या बेचक्यात बारीकसा कोंब असतो. पर्णिकेच्या बुडाशी तसा कोंब कधीच नसतो. म्हणून जिथे कोंब, तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. हे एकदा डोळ्यांत बसलं की कडुनिंबाच्या डहाळीसारखी दिसणारी गोष्टही खरं तर एकच पान असल्याचं लक्षात येतं आणि निम्मी झाडं ओळखायला सोपी होतात.

पळसाच्या तीन पर्णिका सारख्या नसतात. मधली सर्वांत मोठी, टोकाकडे रुंद आणि बुडाशी निमुळती होत गेलेली असते. तिचं टोक अणकुचीदार नसतं, गोलसर असतं किंवा मध्ये किंचित दबलेलं असतं. बाजूच्या दोघी तिरप्या असतात, म्हणजे मधल्या शिरेच्या एका अंगाला कमी आणि दुसऱ्या अंगाला जास्त. पर्णिका हातात घेतली की चामड्यासारखी जाड लागते. वरून ती जवळजवळ गुळगुळीत असते, खालून फिकट आणि मऊ लव असलेली, आणि तिथे शिरांची जाळी ठसठशीत उठून दिसते. पत्रावळी आणि द्रोण याच पानांचे होतात ते या जाडपणामुळे आणि आकारामुळे. ओली भाजी ठेवली तरी पान लगेच फाटत नाही.

खोड सहसा सरळ नसतं. वेडंवाकडं, गाठाळ, राखाडी सालीचं हे झाड माळावर, बांधावर, नाल्याच्या काठी उभं असतं. पाणी साचणारी चोपण जमीनही त्याला चालते. सालीला जखम झाली तर तांबडा रस येतो आणि वाळून माणकासारखा लाल डिंक होतो. बाळंतिणीच्या लाडवात घालतात त्या कमरकसाची ओळख पुष्कळ घरांत असते, पण तो या झाडाचा डिंक आहे हे सगळ्यांना माहीत असतंच असं नाही. (ओळख पटवण्यासाठी सालीवर कोयता मारू नका. जुनी जखम बहुतेक झाडांवर आपोआप सापडते.)

मग शेंग. माझ्या मते पळसाची खरी खूण हीच. फुलं गळून गेल्यावर चैत्र-वैशाखात झाडावर चपट्या, फिकट हिरव्या, लवदार शेंगा लोंबतात. लांबून त्या कोवळ्या पानांसारख्या वाटतात. एखादी वाळलेली शेंग उचलून पाहा. ती वीतभर लांब असेल, पण बी फक्त टोकाला आणि तेही एकच. बाकी सगळी शेंग म्हणजे कागदासारखा पातळ पंख, वाऱ्यावर बी दूर न्यायला. ते चपटं तांबूस बी म्हणजे पळसपापडी, जंतांवरचं जुनं औषध. टोकाला एकुलतं एक बी असलेली अशी चपटी शेंग आणि तीन जाड पर्णिका, हे दोन्ही एकाच झाडावर दिसलं तर ते झाड पळस. फूल पाहायची गरजच नाही.

मग चुकतं कुठे?

चूक बहुधा फोटोवरून होते, कारण फोटोत फक्त रंग दिसतो. फाल्गुनात पानं झडलेल्या फांद्यांवर लाल-केशरी फुलं येणारी नेहमीची झाडं आपल्याकडे तीन आहेत: पळस, पांगारा आणि सावर. सावरीचं फूल मोठं, मांसल, पाच पाकळ्यांचा पेलाच जणू, आणि कोवळ्या खोडावर सुळ्यांसारखे काटे. तिची पानं हाताच्या पंजासारखी, पाच ते सात पर्णिकांची. म्हणून थोडं लक्ष दिलं की सावर वेगळी काढता येते. पांगारा मात्र फसवतो. त्यालाही पर्णिका तीनच आणि तोही पळसाच्याच कुळातला, म्हणजे शेंगा धरणाऱ्या झाडांपैकी. पण पांगाऱ्याच्या फांद्यांवर काटे असतात, पर्णिका पातळ आणि टोकदार असतात, फुलांचा रंग केशरीपेक्षा लालभडक असतो आणि शेंगेत एकापुढे एक अशा अनेक बिया असून मध्ये मध्ये शेंग आवळलेली दिसते.

जंगलात आणखी एक चकवा आहे, पळसवेल. पानं हुबेहूब पळसाची, उलट आकाराने आणखी मोठी, पण झाड नाही, दुसऱ्या झाडांवर चढणारी दांडगी वेल. ती पळसाची सख्खी नातेवाईक आहे. तिवसालाही तीन पर्णिका असतात, पण त्याची फुलं बारीक, फिकट गुलाबी-पांढरी आणि शेंग सांध्यासांध्यांची. बेलाचं त्रिदल तर चुरगळताच वासावरून कळतं.

मराठी नाव आहे की! मग लॅटिन कशाला?

पळस हे नाव इथल्या माणसांना पुरेसं आहेच. पळसगाव, पळसदरी, पळसदेव, पळस्पे अशी गावंच्या गावं या झाडाच्या नावावर वसली आहेत. अडचण येते ती शीव ओलांडल्यावर. हेच झाड हिंदीत ढाक आणि टेसू, गुजरातीत खाखरो, कानडीत मुत्तुग, तेलुगूत मोदुग आहे. चंद्रपूर-गडचिरोलीला लागून असलेल्या तेलंगणाच्या सीमेवर एकाच झाडाखाली बसलेली दोन माणसं त्याला दोन नावांनी हाक मारतील आणि दोघंही बरोबर असतील.

उलटा प्रकारही होतो, एकच नाव अनेक झाडांना. 'फ्लेम ऑफ द फॉरेस्ट' हे इंग्रजी नाव कुणी पळसासाठी वापरतं, कुणी मादागास्करहून आलेल्या गुलमोहरासाठी. औषधाच्या कच्च्या मालाची ऑर्डर या नावाने दिली तर पोत्यात काय येईल, सांगता येत नाही. म्हणून जगभर एका झाडाला एकच नाव, दोन शब्दांचं, अशी पद्धत ठरली. पहिला शब्द वंशाचा, म्हणजे जवळच्या नातेवाइकांच्या गटाचा. दुसरा त्या गटातल्या नेमक्या जातीचा. (जात म्हणजे आपसात प्रजनन करून पुढची पिढी देणारा वनस्पतींचा समूह, अशी ढोबळ व्याख्या इथे पुरेल.) कार्ल लिनियस यांनी १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथापासून ही नावं मोजली जातात. त्याआधीचं नाव कितीही सुंदर असलं तरी हिशेबात धरत नाहीत.

पळसाचं आजचं शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा. मोनोस्पर्मा म्हणजे एकच बी असलेली. वर सांगितलेली शेंगेची खूण नावातच बसली आहे.

पळसाचा सातबारा

शास्त्रीय नावाचा कारभार समजायला जमिनीचा सातबारा डोळ्यांसमोर आणा. जमीन तीच राहते, पण आधी कुणाच्या नावावर होती, फेरफार कधी झाला, इतर हक्कांत कोण, हे सगळं उताऱ्यात दिसतं. झाडाच्या नावामागेही असाच उतारा असतो, आणि पळसाचा तर वाचण्यासारखा आहे.

पहिली मोठी नोंद सतराव्या शतकातली. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये छापला गेला. वनस्पतींची माहिती स्थानिक वैद्यांनी दिली. त्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्यही. या तिघांचं प्रमाणपत्र ग्रंथात देवनागरीत छापलेलं आहे. त्या ग्रंथात पळस 'प्लासो' या नावाने आला. नाव आपल्याच मातीतलं, पण वर्ष १७५३ च्या आधीचं, म्हणून नियमाने बाद.

पुढे १७६३ मध्ये मिशेल आदान्सों या फ्रेंच शास्त्रज्ञाने 'प्लासो' हेच नाव वंशाचं म्हणून वापरलं. हे वर्ष १७५३ नंतरचं, म्हणजे नोंद पक्की. मग १७८० च्या दशकात लॅमार्क या फ्रेंच शास्त्रज्ञांनी पळसाला पांगाऱ्याच्या वंशात बसवलं आणि 'एरिथ्रिना मोनोस्पर्मा' असं नाव दिलं. तीन पर्णिका, लालसर फुलं, शेंग. पॅरिसमध्ये बसून लिहिणाऱ्या माणसाला पळस पांगाऱ्याचा भाऊ वाटला यात नवल नाही.

त्यानंतर विल्यम रॉक्सबर्ग. ईस्ट इंडिया कंपनीचे हे स्कॉटिश डॉक्टर आधी मद्रासच्या बाजूला होते, पुढे कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख झाले. त्यांनी झाडं जिवंत पाहिली, भारतीय चित्रकारांकडून त्यांची चित्रं काढून घेतली. पळस पांगाऱ्यापेक्षा वेगळा आहे हे त्यांनी ओळखलं आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याला 'ब्युटिया फ्रोंडोसा' हे नाव आलं. ब्युटिया हे नाव जॉन स्टुअर्ट, अर्ल ऑफ ब्यूट यांच्यावरून आहे. ते १७६२-६३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान होते आणि वनस्पतिशास्त्राचे आश्रयदाते. पळसाखाली ते कधी बसले नव्हते, पण नाव त्यांचं लागलं.

शंभरेक वर्षं फ्रोंडोसा हेच नाव चाललं. थिओडोर कुक हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात आला आणि त्यातही पळस फ्रोंडोसाच आहे. पण नियम सांगतो की जातीचं सर्वांत जुनं वैध विशेषण टिकतं. फ्रोंडोसापेक्षा लॅमार्क यांचं मोनोस्पर्मा जुनं होतं. १८९१ मध्ये ओटो कुंट्झे या जर्मन शास्त्रज्ञाने जुनेपणाचा नियम शेवटपर्यंत ताणला आणि पळसाला 'प्लासो मोनोस्पर्मा' म्हटलं. नियमाच्या अक्षराप्रमाणे त्यांचं बरोबर होतं, कारण वंशाच्या नावांतही प्लासो ब्युटियापेक्षा जुनं. १८९४ मध्ये पाउल टाउबर्ट यांनी 'ब्युटिया मोनोस्पर्मा' अशी जोडी लावली. शेवटी जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ब्युटिया हे नाव अपवाद म्हणून राखून ठेवलं, कारण सगळे ग्रंथ आणि संशोधन त्याच नावाने झालेलं होतं. प्लासो मागे पडलं.

मला याची हळहळ वाटते. थोडक्यात हुकलं, नाहीतर जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत हे झाड आपल्या ओळखीच्या उच्चाराने नोंदलं गेलं असतं. पण निर्णयामागचं कारणही पटतं. ज्या नावाखाली शेकडो नोंदी साठल्या आहेत ते उपटून टाकलं, तर नुकसान वाचणाऱ्यांचंच होतं.

आता पूर्ण नाव पुन्हा वाचा: ब्युटिया मोनोस्पर्मा (लॅमार्क) टाउबर्ट. कंसातला माणूस तो, ज्याने जातीचं विशेषण पहिल्यांदा दिलं. कंसाबाहेरचा तो, ज्याने ते आजच्या वंशात आणून बसवलं. हाच फेरफार.

नावं सारखी बदलतात, मग भरवसा कसा ठेवायचा?

हा आक्षेप रास्त आहे. शाळेत शिकलेलं नाव पुढे पुस्तकात सापडत नाही तेव्हा चीड येते. पण नावं दोन कारणांनी बदलतात. एक तर जुनी वैध नोंद सापडते, किंवा नात्याबद्दलची समज सुधारते, जसं पळस पांगाऱ्याच्या वंशातला नाही हे कळलं. दोन्ही वेळा जुनं नाव पुसत नाहीत, समानार्थी नाव म्हणून त्याच उताऱ्यात ठेवतात. त्यामुळे जुन्या आयुर्वेदाच्या किंवा वनखात्याच्या पुस्तकात 'ब्युटिया फ्रोंडोसा' दिसलं तर तो पळसच आहे हे खात्रीने सांगता येतं. शोध घेताना मात्र दोन्ही नावांनी घ्यावा लागतो. फक्त नव्या नावाने शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून शंभर वर्षांची माहिती निसटते.

तिसरं कारण अलीकडे पुढे आलं. २०२४ मध्ये माद्रिदला भरलेल्या जागतिक वनस्पतिशास्त्र परिषदेत आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दावरून आलेली 'काफ्रा' अशी विशेषणं बदलून 'आफ्रा' करायचं मतदानाने ठरलं. दोनशेहून अधिक नावांवर त्याचा परिणाम झाला. त्यात आपल्या पांगाऱ्याचा आफ्रिकेतला भाऊबंद एरिथ्रिना काफ्रा होता, तो आता एरिथ्रिना आफ्रा. माणसांवरून दिलेली जुनी नावं मात्र तशीच राहिली, म्हणून ब्यूटसाहेबही पळसावर कायम आहेत.

पिवळा पळस या उताऱ्यात कुठे बसतो?

वेगळी जात म्हणायची तर फुलाच्या रंगाशिवाय आणखी काही पक्के फरक हवेत: पान, शेंग, बी, फुलाची रचना, बहराचा काळ यांत. आणि दोन गट आपसात सहज मिसळत नाहीत असं दिसायला हवं. पिवळ्या पळसाची पर्णिका जाड, तीनच, टोक गोलसर. शेंग चपटी, बी टोकाला एकच. फुलाची चोच तशीच वाकलेली, पाकळीवर तीच रेशमी लव, कळीवर तोच काळपट मखमली पेला. सगळं सारखं, रंग वेगळा. म्हणून वनस्पतिशास्त्र त्याला जात न मानता जातीच्या आतला प्रकार मानतं, आणि नावाला तिसरा शब्द जोडतं: ब्युटिया मोनोस्पर्मा, प्रकार ल्युटिया. ल्युटिया म्हणजे पिवळी. त्यामागेही कंसासह दोन नावं लागतात, विट आणि माहेश्वरी. विट यांनी हा प्रकार प्रथम नोंदवला तेव्हा तो फ्रोंडोसाखाली होता. माहेश्वरी यांनी तो मोनोस्पर्माखाली आणला.

रंग बदलतो कसा? फुलाचा रंग पेशींत तयार होणाऱ्या रंगद्रव्यांतून येतो. पळसाच्या फुलांत पिवळी आणि केशरी छटा देणारी द्रव्यं असतात. त्यांपैकी काहींची नावंही झाडावरूनच पडली, ब्युटीन आणि ब्युट्रिन. रंगपंचमीला फुलं उकळून जो रंग काढतात तो यांचाच. ही द्रव्यं पायरीपायरीने बनतात आणि प्रत्येक पायरीमागे जनुकं असतात. त्यातल्या एखाद्या जनुकात बदल झाला की पुढची छटा बनत नाही किंवा कमी बनते, आणि फूल पिवळं दिसतं. बहुतेक पायऱ्या बंद पडल्या तर फूल जवळजवळ पांढरं होईल. झाडाच्या बाकी कारभारात काही बिघडत नाही.

इथे कुणी विचारेल, मग पिवळ्याच्या बिया लावून पिवळ्या पळसांची राई करता येईल का? लावा जरूर, पण सगळी झाडं पिवळीच निघतील असं धरून चालू नका. पळसाच्या फुलांवर साळुंक्या, बुलबुल, शिंजीर अशी पाखरं मधासाठी येतात आणि एका झाडाचे परागकण दुसऱ्यावर नेतात. पिवळ्या झाडाच्या आसपास केशरी पळस भरपूर असतात, म्हणजे त्याच्या बियांचं दुसरं पालकत्व बहुधा केशरी झाडाकडे असतं. शिवाय पळस लावला की लगेच फुलत नाही, धीर धरावा लागतो. हे मिश्रण मुळात सहज होतं, हाच दोन्ही रंगांची जात एक असल्याचा पुरावा.

आणि पांढरा?

पांढऱ्या पळसाची बातमी पाहताना आधी फोटोतला प्रकाश पाहा. दुपारच्या उन्हात मोबाइलने काढलेलं फिकट पिवळं फूल पांढरं दिसतं. सावलीत, पांढऱ्या कागदाजवळ धरून काढलेला फोटो जास्त खरं सांगतो. मग पानं आणि शेंगा पाहा, नाहीतर मुळात दुसरंच झाड असायचं.

समजा सगळं पडताळून झालं आणि फूल खरंच पांढरं निघालं. तर काय सिद्ध झालं? एवढंच, की या झाडात रंगद्रव्य बनत नाही. पांढरं मांजर किंवा पांढरी जास्वंद आपण जशी बघतो, तशीच ही गोष्ट. त्याच्या मुळीत गुप्तधन दाखवायची किंवा लोखंडाचं सोनं करायची ताकद येण्याचा काही मार्गच नाही. हे मी कठोरपणे लिहितोय कारण या समजुतीची किंमत झाड मोजतं. मुळ्या खणल्या की ते उभ्याउभ्या वाळतं, सभोवार साल काढली की पानांनी बनवलेलं अन्न मुळांकडे जायची वाट तुटते. एखाद्या परिसरात असं एकच झाड असेल तर त्याच्याबरोबर तो रंगही तिथून जातो. आयुर्वेदात पळसाचं बी, डिंक, साल, फुलं वापरतात हे खरं आहे. पण त्यासाठी माळावरचा साधा केशरी पळस आहे आणि तो पुष्कळ आहे.

ॲप सांगतं की! आणि डीएनए आहेच

फोनमधली ॲपं मदत करतात, मीही वापरतो. पण त्यांना फुलाचा एकच फोटो दिला तर तेही रंगावरच भुलतात. पर्णिकेची वरची आणि खालची बाजू, फांदीवरची पानांची जोडणी, साल, शेंग आणि पूर्ण झाड असे वेगवेगळे फोटो द्या, उत्तर बरंच सुधारतं. तरी ते उत्तर म्हणजे सूचना समजा. वर सांगितलेल्या खुणांवर ते स्वतः तपासून पाहा.

डीएनएचं तसंच. झाडाच्या डीएनएचा ठरावीक तुकडा वाचून तो साठवलेल्या नमुन्यांशी जुळवतात. पण साठ्यातल्या नमुन्यावर नाव माणसानेच लिहिलेलं असतं. ते चुकीचं असेल तर यंत्रही तीच चूक ठामपणे सांगेल. शिवाय ओळखीसाठी वापरायचे हे तुकडे जातीजातींमधला फरक दाखवायला निवडलेले असतात. पिवळा आणि केशरी पळस वेगळे काढणं हे त्यांचं कामच नाही. म्हणून अजूनही शेवटचा शब्द वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांचा असतो, ज्यावर फांदी, पान, फूल, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव असतं. अशा संग्रहाला वनस्पती संग्रहालय म्हणतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात आणि आघारकर संशोधन संस्थेत, तर मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर संग्रहालयात असे संग्रह आहेत. शंका खरीच मोठी असेल तर अशा ठिकाणी विचारावं.

तुमच्या गावात वेगळ्या रंगाचा पळस दिसला तर

फोटो काढा, वर सांगितले तसे. तारीख लिहून ठेवा. झाडाखाली पडलेलं फूल वहीत दाबून ठेवा, वरचं तोडू नका. पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे पुन्हा जा आणि रंग तोच आहे का ते पाहा. कधी कधी जुनी, उन्हाने विटलेली फुलं पाहून गैरसमज झालेला असतो. चैत्रात शेंगा उचलून आणा, त्यांतलं बी पिशवीत लावा, पावसाळ्यात बांधावर रोप लावता येईल. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की हे झाड किती वर्षं असं फुलतं. ही माहिती कुठल्याच संग्रहालयात मिळत नाही आणि ती लिहून ठेवणारं कुणी नसतं.

आणि बातमी द्यायचीच झाली तर फुलाचा फोटो द्या, तालुक्याचं नाव द्या, पण शिवार, गट क्रमांक आणि नकाशावरचा बिंदू देऊ नका. तो वनरक्षकाला आणि शेतमालकाला सांगा.